वटवाघळांचा गंध आणि 'वयात येणे'

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील वटवाघळांवरील लेख वाचला. प्रतिध्वनीच्या आधारे अंधारात वाट काढण्याच्या त्यांच्या कौशल्याविषयी लेखकाने लिहिलेला भाग नेटका आहे. परंतु पिल्लू उडू लागले आणि आईएवढे झाले की ते 'वयात आले', असे लेखात म्हटले आहे, आणि गंधाचा विषय 'अंगाला उग्र दर्प असतो' एवढ्या एका वाक्यात आटोपला आहे. ही दोन विधाने वरवर पाहता एकमेकांपासून दूर वाटली, तरी दुसऱ्याकडे नीट लक्ष दिले असते तर पहिले चुकले नसते, असे मला वाटते. अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही खोड समजून हे पत्र वाचावे.

वटवाघळाचे पिल्लू फार झपाट्याने वाढते. अनेक जातींत ते काही आठवड्यांतच उडू लागते आणि थोड्याच काळात आकाराने प्रौढांच्या जवळ पोहोचते. अशा पिल्लाला ओळखण्यासाठी अभ्यासक त्याचा पंख उजेडासमोर धरतात. बोटांच्या सांध्यांजवळचा कूर्चेचा भाग अजून हाडात बदललेला नसेल, तर त्यातून प्रकाश आरपार दिसतो, आणि वाढ पूर्ण झाली असेल तर सांधा गोल व गाठीसारखा दिसतो. ही परीक्षा उपयोगी असली, तरी ती हाडांची वाढ सांगते. प्रजननक्षमता सांगत नाही. ज्याचे सांधे पक्के झाले आहेत असा नरही पुढे कित्येक महिने प्रजननाच्या दृष्टीने कोवळाच असू शकतो. शिवाय नर आणि मादी यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. 'सायनॉप्टेरस स्फिंक्स' या आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाची मादी साधारण पाच-सहा महिन्यांत प्रजननक्षम होते, तर नराला त्यासाठी एक वर्षाहून अधिक काळ लागतो. युरोपातील 'नॉक्ट्युल' जातीच्या माद्या जन्माच्या वर्षीच, पहिल्या शरद ऋतूत, मीलन करू शकतात. नर साधारणतः पुढच्या वर्षी तयार होतात.

मग कळपातल्या इतरांना हे कळते कशावरून? येथे गंधाचा विषय येतो, आणि त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण मध्य व दक्षिण अमेरिकेतील 'सॅकॉप्टेरिक्स बायलिनिएटा' या जातीत सापडते. पाठीवर दोन पांढरट नागमोडी रेषा असलेले हे जेमतेम सात-आठ ग्रॅम वजनाचे वटवाघूळ आहे. नराच्या पंखांच्या पुढच्या पडद्यात, कोपराजवळ, एकेक लहान पिशवी असते. मादीत तिचा केवळ अवशेष दिसतो. ही गंधग्रंथी असावी असा समज पूर्वी होता, परंतु पिशवीत ग्रंथी मुळीच नाहीत, ती निव्वळ कुपी आहे. ख्रिश्चन फोइग्ट आणि ओटो फॉन हेल्वर्सन यांनी १९९९ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे नर ती कुपी रोज स्वतः भरतो. दुपारी तो आधी तोंडात मूत्र घेऊन पिशव्या चाटून स्वच्छ करतो, आणि नंतर जननेंद्रियाजवळचा व गळ्याच्या ग्रंथीचा स्राव हनुवटीवर घेऊन थेंबाथेंबाने पिशवीत सोडतो. पुढे मादीसमोर एका जागी पंख फडफडवत तरंगत राहून तो हा गंध तिच्याकडे ढकलतो. ज्याला आपण 'दर्प' म्हणून नाक मुरडतो, तो असा रोजच्या रोज, धुऊन-पुसून तयार केलेला असतो! (गुहेत आपल्या नाकाला झोंबतो तो वास बहुधा साचलेल्या विष्ठेतील अमोनियाचा असतो, त्याचा दोष या अत्तराला देऊ नये.)

मुद्द्याची गोष्ट अशी की कोवळ्या नरांच्या पिशवीतला गंध प्रौढ नरांसारखा नसतो. बार्बरा कास्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक विश्लेषण करून दाखवले आहे की वयाबरोबर या मिश्रणाची घडण बदलत जाते. या जातीत तरुण माद्या पहिल्या मीलनाआधीच जन्माची वसाहत सोडून जातात, तर नर बहुधा तेथेच राहतात, म्हणजे माद्यांच्या समूहावर ताबा असलेल्या वडीलधाऱ्या नरांच्या अगदी शेजारी. अशा स्थितीत अकाली प्रौढाचा गंध घेऊन वावरणे म्हणजे स्पर्धेत वेळेआधी उतरून मार ओढवून घेणे होय. कोवळा गंध ही त्यांची ढाल असावी, हे अनुमान मला पटते, मात्र ते अनुमान आहे याचे भान ठेवायला हवे.

इतर जातींतही असे मार्ग दिसतात. बेडूक खाणाऱ्या 'ट्रॅकॉप्स'चे प्रौढ नर अंग खाजवून व चाटून बाहूवर वासाचा चिकट थर चढवतात. आफ्रिकेतील 'एपोमोफोरस' नरांच्या खांद्यावरचे पांढरे केस, एरवी मिटलेले असतात ते, मादीला बोलावताना फुलतात. या सगळ्याला लेखकाने चौकटीत सरसकट 'फेरोमोन' म्हटले आहे, ते मात्र जपून वापरावे. हा शब्द १९५९ मध्ये रूढ झाला तो एका प्राण्याने सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक प्रतिक्रिया घडवणाऱ्या द्रव्यासाठी, आणि त्या काळचे गाजलेले उदाहरण रेशीमपतंगाच्या मादीतील एकाच रसायनाचे होते. 'सॅकॉप्टेरिक्स'च्या कुपीत अनेक द्रव्यांचे मिश्रण असते आणि त्यावरून जातही ओळखता येते: प्रयोगात माद्यांनी जवळच्या दुसऱ्या जातीच्या नरापेक्षा स्वजातीच्या नराच्या गंधाला पसंती दिली. शिवाय अनेक वटवाघळांत असे संदेश टिपणारे नाकातील स्वतंत्र इंद्रिय जवळपास लोपले आहे, त्यामुळे त्यांचे काम नेहमीच्या घ्राणेंद्रियावरच चालत असले पाहिजे.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात छायाचित्राखाली 'वयात आलेले वटवाघूळ' असे लिहिण्यापूर्वी ते कशावरून ठरवले हेही लिहावे. केवळ आकारावरून ठरवले असेल तर 'पूर्ण वाढलेले' हा शब्द पुरेसा आहे.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक