एमजी टीसी (१९४९): घासलेला चेसिस नंबर, न मिळालेल्या मूळ पट्ट्या आणि सदोष काम याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
जुन्या गाड्यांचा पुनर्बांधणी विभाग

विषय: आमच्या एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं पुनर्बांधणीचं काम व आपण दिलेली 'इतिहास फाइल' यांबाबत.

संदर्भ: आपलं अंतिम बिल, सुट्या भागांची यादी आणि गाडी ताब्यात देतानाचं चलन.

महोदय,

गाडी ताब्यात घेऊन तीन आठवडे झाले. लाकूडकाम, इंजिन आणि वायरिंगच्या तक्रारी पुढे लिहिल्या आहेत. पैसे आणि वेळ घालून ते सगळं नीट होऊ शकतं. पहिली तक्रार मात्र त्या जातीची नाही.

टीसीचा चेसिस नंबर डाव्या बाजूच्या पुढच्या डम्ब आयर्नवर (चेसिसच्या पुढे आलेल्या टोकावर) ठोकलेला असतो. गाडी आपल्याकडे सोडण्याआधी आम्ही त्याची चेसिस प्रिंट घेतली होती, आरटीओत घेतात तशीच: लोखंड रॉकेलने पुसून, वर पातळ कागद धरून, शिसपेन्सिल आडवी फिरवून. चारही आकडे स्वच्छ उमटले होते. पहिला आठ किंचित डावीकडे कललेला, शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल. हाताने पंच ठोकलेल्या नंबराच्या या खुणा असतात. गाडी आल्यावर त्याच जागेची प्रिंट पुन्हा घेतली, तर कागदावर नुसत्या तिरक्या रेघा आल्या. एक इंचभर रंग थिनरने काढून पाहिला. खाली ग्राइंडरच्या चकतीचे अर्धगोल ओरखडे आहेत आणि आठाचा फक्त वरचा अर्धा भाग उरला आहे. सँडब्लास्टिंगने एवढं लोखंड जात नाही. हे अँगल ग्राइंडरचंच काम आहे. नंबराच्या जागेवर जाड टेप लावून बाकीचा चेसिस ब्लास्ट करायचा, तेवढी जागा तारेच्या ब्रशने हाताने साफ करायची आणि वर पातळ पारदर्शक लॅकर मारायचं, एवढंच करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम.

दुसरं, बल्कहेडवरची (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरची) मूळ गॅरंटी प्लेट, म्हणजे चेसिस नंबर असलेली कारखान्याची पट्टी, गायब आहे. तिच्या जागी बाजारात मिळणारी कोरी नवी पट्टी पॉप रिव्हेटने बसवली आहे आणि त्यावर नंबर इलेक्ट्रिक पेनने कोरला आहे. इंजिन नंबराची आठकोनी पितळी चकतीही नाही. आपल्या सुपरवायझरांनी फोनवर सांगितलं, "जुनी काळी पडली होती, भंगारात गेली असेल." काळी पडलेली पितळी चकती लिंबू-मिठानेसुद्धा निघते. आणि सुट्या भागांच्या यादीत पहिल्या पानावर, आपल्याच अक्षरात, 'इंजिन प्लेट १, चेसिस प्लेट १, चांगल्या स्थितीत' अशी नोंद आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे.

आता हे इतकं लावून धरण्याचं कारण. गाडी ५० वर्षांहून जुनी असल्यामुळे ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८१अ या नियमाखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. नवी व्हिंटेज नोंदणी 'व्हीए' मालिकेत होते, पण जी गाडी आधीच नोंदलेली आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. आमच्या गाडीला मुंबईचा जुना 'बीएम' मालिकेतला नंबर आहे आणि तोच राखायचा आहे. त्यासाठी आरसी बुकातला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसावा लागतो. गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, हीदेखील त्याच नियमाची अट आहे. इन्स्पेक्टरने वाकून डम्ब आयर्न पाहिलं आणि तिथे ग्राइंडरच्या खुणा दिसल्या, तर तो काय समजेल? चोरीच्या गाडीचा नंबरही असाच उडवतात.

मालकीची साखळी अन्यथा धड आहे. १९४९ ची पहिली नोंद, नंतरची तीन हस्तांतरणं, प्रत्येकावर आरटीओचा शिक्का, मधल्या काळातल्या रोड टॅक्सच्या पावत्या, आणि चारही वेळा इंजिन नंबर तोच. टीसीचं इंजिन पहिल्यापासून तेच असणं ही किरकोळ गोष्ट नाही. टीसीचं एक्सपीएजी हे इंजिन एमजीच्या पुढच्या टीडी या मॉडेलमध्येही होतं, त्यामुळे टीसीत टीडीचं इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ सापडतात. ते ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे ती चकती आणि कारखान्याच्या नोंदी, जिथे चेसिस नंबराशेजारी इंजिन नंबर लिहिलेला असतो. चकतीच नसेल तर मेळ कशाशी घालायचा?

बिलात स्वतंत्र रक्कम लावून आपण जी 'इतिहास फाइल' दिलीत, तिच्याबद्दलही लिहिणं भाग आहे. तिच्यात गाडी १९४५ ची, 'पहिल्या शंभरांतली एक' असं छापलं आहे. टीसीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात (ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, तिथून ही प्रथा आली) आणि १९४९ च्या अखेरीस, सुमारे १०,००० गाड्या झाल्यावर संपतात. १९४५ साली शंभर गाड्यासुद्धा बाहेर पडल्या नव्हत्या. आठ हजारांच्या पुढचा नंबर असलेली गाडी १९४५ ची कशी असेल? आरसी बुकातही १९४९ स्पष्ट आहे. पुढे आपण लिहिता की ही गाडी 'भारतासाठी खास उजव्या हाताच्या स्टिअरिंगची' बनवली. टीसी डाव्या स्टिअरिंगची कारखान्यातून कधी निघालीच नाही. अमेरिकेत गेलेल्या गाड्यासुद्धा उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या. अशी फाइल नोंदणीच्या अर्जाला जोडली तर खऱ्या कागदांवरही संशय येईल. ती आम्ही वापरणार नाही आणि तिचे पैसेही आम्हाला परत हवे आहेत.

आता लाकूड. टीसीची बॉडी म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी बसवलेला पत्रा. बिलात 'आयात ॲश, पूर्ण सांगाडा' असं आहे. उजव्या सीटमागचं ट्रिम कार्ड (आतलं अस्तराचं पॅनेल) काढून आतल्या आडव्या पट्टीवर पटाशीने हलका चरा दिला. निघालेला छिलका सोनेरी तपकिरी, बोटांना तेलकट, आणि वास नव्या कपाटाचा. हे सागवान आहे. ॲश फिकट पांढुरका असतो आणि त्याला असा वास नसतो. सागवानाला नावं ठेवायची नाहीत. पलंग-कपाटं त्याचीच व्हावीत. पण टीसीचा चेसिस रस्त्यावर पिळवटतो आणि सांगाड्याला त्याच्याबरोबर वाकावं लागतं. ॲश धक्के खातो, त्या मानाने सागवान ठिसूळ आहे, शिवाय त्याच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. म्हणूनच की काय, आपल्या सुतारांनी सांधे अर्धे कापून स्क्रूने आवळण्याऐवजी कोपऱ्यांत लोखंडी एल अँगल ठोकले आहेत. अँगल जिथे संपतो तिथे सगळा पीळ एका रेषेवर येतो. डाव्या दाराच्या मागच्या खांबावर, बिजागरीच्या खाली, नेमकी तिथेच नखभर चीर आत्ताच दिसते आहे.

दारांचं वेगळं सांगायला नको. टीसीची दारं मागच्या खांबाला बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी. डाव्या दाराची फट वर ३ मिमी आणि खाली ११ मिमी आहे, आणि गतिरोधकावरून जाताना ते सुटतं. या गाडीत दार चालताना सुटलं की वारा ते पूर्ण उघडतो, हे आपल्याला माहीत असेलच. सांगाडा चेसिसवर पॅकिंगसह बोल्ट करून, दारं टांगून, फटी जुळवून मगच पत्रा चढवायचा असतो. फोटोंच्या तारखा पाहिल्या तर आपण पत्रा आधी चढवला आणि बॉडी चेसिसवर नंतर ठेवली. बाहेरून पुट्टीने फट झाकली आहे. चुंबक दाराच्या खालच्या कडेला चिकटत नाही.

इंजिनात घोळ बोल्टांचा आहे. एक्सपीएजीचं मूळ मॉरिसच्या कॉव्हेंट्रीतल्या, पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या असलेल्या कारखान्यात आहे. त्यामुळे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, असा विचित्र संसार त्यात आहे. त्यातले ८ मिमीचे बोल्ट १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी) आहेत. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो ८ मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा. तो दोन आटे सहज जातो आणि मग अडतो. तिथे थांबायचं असतं. सम्पचे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे) पाच बोल्ट जबरदस्तीने फिरवलेले आहेत आणि त्यातल्या तिघांनी ब्लॉकमधले आटे खाल्ले आहेत. उरलेल्या मूळ बोल्टांची डोकी गोल झाली आहेत, कारण त्यांना १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल होतो. पाव इंची व्हिटवर्थ पाना लागतो.

बिलात 'रिअर क्रँक ऑइल सील, नवीन' अशीही एक नोंद आहे. या इंजिनाला मागे रबरी सील नसतंच. क्रँकवर आट्यासारखी खाच असते, ती फिरताना तेल परत सम्पकडे ढकलते, आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमची दोन अर्धी झाकणं काही थाऊंच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅपने बसतात. आधुनिक लिप सीलचं रूपांतर करता येतं, पण केलं असेल तर मशिनिंगचं बिल असायला हवं होतं; तसं काहीच नाही. रात्रभर गाडी उभी केली की बेल हाउसिंगखाली (इंजिनामागच्या क्लचच्या आवरणाखाली) बशीभर तेल जमतं. सम्पच्या मागच्या कडेची कॉर्कची पट्टी दोन्ही टोकांना आखूड कापली आहे, हे खालून टॉर्च मारला की दिसतं. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली) फट १२ थाऊंवर लावली आहे. मूळ कॅमशाफ्टला गरम इंजिनात १९ थाऊ लागतात. १२ हे नंतरच्या कॅमचं माप आहे. आपण कॅम बदललेला नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहतात आणि आयडलिंगला गाडी लंगडते.

वायरिंग नवीन आहे आणि दिसायला सुबक आहे, हे मान्य. पण ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेली आहे आणि बॅटरी निगेटिव्ह अर्थ करून जोडली आहे. तशी करायचीच असेल तर डायनॅमोला नवी पोलॅरिटी द्यावी लागते: फील्डच्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्ह टोकाची वायर क्षणभर टेकवून. ते केलं नाही तर कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) मिटताच डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांच्या जोडीने करंट ढकलतात. कटआउटचे पॉइंट चिकटलेले मिळाले आणि ॲमीटर चार्जिंगच्या वेळी डिस्चार्ज दाखवतो. आमच्यासाठी तरी सोपा उपाय म्हणजे मूळ पॉझिटिव्ह अर्थच ठेवणं, आणि तेच आम्हाला हवं आहे.

चाकांचं काम तातडीचं आहे. या गाडीत चाक मधल्या एकाच, दोन कान असलेल्या नटने धरलेलं असतं. उजव्या बाजूच्या हबला डावे आटे आणि डाव्या बाजूला उजवे, म्हणजे चालताना नट आपोआप घट्ट होत जातो. पुढची दोन हब आपण जोडताना अदलाबदल केली आहेत. पुढच्या उजव्या चाकाचा नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. तो घड्याळाच्या दिशेने सुटायला हवा. म्हणजे चालताना तो सैल होणार. हे लक्षात आल्या दिवसापासून गाडी उभी आहे.

मेटॅलिक हिरव्या रंगाबद्दल फार लिहीत नाही. ठरला होता काळा, आणि टीसीला कारखान्याने मेटॅलिक रंग कधी दिलाच नाही.

आमची मागणी अशी. दोन्ही मूळ पट्ट्या आणि काढलेले सगळे जुने भाग, तुटलेले आणि कुजलेले लाकडाचे तुकडेसुद्धा, पंधरा दिवसांत परत करावेत. जुनं लाकूड नव्याचा नमुना म्हणून लागतं. भंगारवाल्याकडे गेलं असेल तर त्याला गाठावं. डम्ब आयर्नवर काय झालं, कोणत्या तारखेला आणि का, याचं कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह पत्र द्यावं आणि काम सुरू होण्यापूर्वीचे त्या भागाचे आपल्याकडचे सगळे फोटो मूळ स्वरूपात द्यावेत. आपल्या मनाने तिथे नवा नंबर मुळीच ठोकू नये. तो ठोकायचा झाला तर आरटीओच्या परवानगीने आणि आमच्या समोर. हबचं काम आपल्या माणसांनी आमच्याकडे येऊन करावं, गाडी चालवत नेली जाणार नाही. सांगाड्यासाठी ॲश म्हणून घेतलेली रक्कम, 'ऑइल सील' आणि इतिहास फाइलची रक्कम परत करावी. ब्लॉकमधल्या तीन आट्यांत १ मिमी पिचचे थ्रेड इन्सर्ट बसवण्याचा खर्च आपला.

वरील मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. चेसिस प्रिंटच्या दोन्ही प्रती, आधीची आणि आत्ताची, शेजारी शेजारी लावून सोबत जोडल्या आहेत.

आपले,
वाहनमालक

सोबत: चेसिस प्रिंटच्या प्रती, सुट्या भागांच्या यादीचं पहिलं पान, आरसी बुकाच्या चारही नोंदींच्या छायाप्रती, दाराच्या फटींचे व हबचे फोटो, सागवानाच्या छिलक्याची पुडी.