मिन्स्कच्या आजी, तुमचा रुमाल माझ्याकडेच राहिला

आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को 1994 पासून खुर्चीवर आहेत, 2025 च्या जानेवारीतही 86 टक्क्यांवर मतं ‘घेऊन’ परत आले. माझ्या कौतुकापायी तुमच्या दारावर थाप नको.

10 ऑगस्ट 2020. आदल्या दिवशीच्या मतदानाचा निकाल आला होता: साहेबांना 80 टक्के, विरोधी उमेदवार तिखानोव्स्काया बाईंना 10. आपल्या जिन्यात त्यावर हसायलाही कुणी तयार नव्हतं. इंटरनेट बंद. मी मेडिकलमधून मलम घेऊन येत होतो, तेवढ्यात मागे धडाम आवाज झाला आणि काळ्या वेशातले पोलीस धावत आले. तुम्ही लोखंडी दार अर्धं उघडून मला दंडाला धरून आत ओढलंत.

कुकरची वाफ लागून माझ्या मनगटावर बँडेज होतं, पांढरंशुभ्र. तुम्ही ते बघितलंत आणि तुमचा चेहराच उतरला. मग डोक्याचा फुलाफुलांचा रुमाल सोडलात, बँडेजवर गुंडाळलात, दोन गाठी मारून टोकं आत खोचलीत. मला वाटलं, म्हातारीला माझी दया आली! मनगटावरची पांढरी फीत ही विरोधकांची खूण, हे मला फार उशिरा कळलं. त्या तीन-चार दिवसांत सहा हजारांवर लोक उचलले होते.

मग लँडलाइन. 8, टोनची वाट, 10, मग 91. सहाव्यांदा सांगलीला आई लागली. आम्हाला तिकडे पाठवणारा एजंट तिला सांगत होता, ‘सगळं नॉर्मल आहे, बातम्या बघू नका.’ फी घेताना हाच माणूस मला ‘आपला मुलगा’ म्हणायचा. तुम्हाला माझं आडनावही उच्चारता येत नव्हतं.

बारा तारखेला कोमारोव्का बाजारापाशी बायका पांढरे कपडे घालून, हातात फुलं घेऊन साखळी करून उभ्या राहिल्या. लाठीसमोर फुलं न्यायची म्हणजे छाती लागते. तुम्ही गेला होतात का, मी विचारलं नाही. पण तुमच्या टेबलावरच्या बरणीतले ग्लॅडिओलस त्या संध्याकाळी नव्हते.

रुमाल आईने धुऊन तिच्या पैठणीच्या घडीत ठेवलाय. मलमाचा पिवळा डाग काही गेला नाही.