अप्पांची वही

एडिसन, न्यू जर्सी
8 जून 2025

प्रिय शैलू,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीला तू पाठवलेली शेंगाचटणी संपली, बरणीही धुऊन ठेवली, पण ‘पोचली’ एवढंसुद्धा कळवलं नाही. रागावली असशील तर खुशाल रागाव. दोनदा फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू मध्येच “अगं पण पद्मे” करतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. हे मला अर्धवट सांगायचं नाही. सुधीरला सांगून झालं. त्याने नीट ऐकून घेतलं, चहाही करून दिला. पण तो साताऱ्याचा. घरात मराठी, शाळेत मराठी, बाजारात मराठी. त्याला कुठून कळणार? तुला कळेल.

तब्येती ठीक आहेत. माझी साखर आटोक्यात, सुधीरचा खांदा बरा.

तर, मैथूला शाळेतून ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळालं. इथे बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी ज्यांना इंग्रजी आणि शिवाय आणखी एखादी भाषा चांगली येते, त्यांच्या डिप्लोमावर राज्याची मोहोर उमटते, गुणपत्रकातही नोंद होते. मैथूला दोन भाषांसाठी मिळालं. स्पॅनिश ती शाळेत शिकत होतीच. दुसरी मराठी! अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सुधीरने तिला मराठी शाळेत नेऊन सोडलं, बर्फात, पावसात, ताप असताना. त्याचं चीज झालं.

स्पॅनिशच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चारही भाग असतात. मराठीच्या परीक्षेत लिहिणं आणि बोलणं एवढंच. पडद्यावर प्रसंग येतो, त्यावर टाइप करून लिहायचं, मग हेडफोन लावून माइकमध्ये बोलायचं. नऊ पायऱ्या आहेत, आमच्या राज्यात पाचवी गाठली की मोहोर मिळते. बोलण्याची तिला भीती नव्हती, टाइप करण्याचं टेन्शन होतं. ‘दुसऱ्या’ लिहायला गेली की ‘दुसर्या’ उमटायचं. महिनाभर रात्री जेवणाच्या टेबलावर आमचं तेच चाललं होतं. एकदा तो डोक्यावरचा रफार खाली उतरून जागेवर आला, तेव्हा तिने टेबलावर अशी थाप मारली की आमटीची वाटी उलटली.

मे महिन्यात शाळेच्या सभागृहात समारंभ झाला. एकेक नाव पुकारायचे आणि त्यापुढे भाषा. स्पॅनिश, मँडरिन, गुजराती, पोलिश, हिंदी. मग एका मुलाचं नाव आलं आणि पुढे ‘तेलुगू’. शैलू, टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. मैथूचं नाव अजून यायचं होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे कन्ना चौकातलं आमचं घर उभं राहिलं. खाली माग खडखडतोय, वर अम्मा सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळतेय, आणि आम्ही भावंडं तेलुगूत भांडतोय.

समारंभानंतर त्या मुलाची आई भेटली. मी आपणहून तिच्याशी तेलुगूत बोलले, किती वर्षांनी परक्या माणसाशी! ती इतकी खूश झाली. म्हणाली, “मीदि ये ऊरु?” म्हटलं, सोलापूर. तर मनापासून कौतुकाने म्हणाली, तुम्ही मराठी लोक किती छान तेलुगू बोलता!

तिचा काही दोष नाही. अम्माची तेलुगू तशीच आहे, अर्धी मराठीत बुडवून काढलेली. पण मी गाडीत येऊन बसले आणि मला बोलताच येईना. सुधीरला वाटलं, आनंदाने कंठ दाटलाय.

घरी येऊन सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे पहाट झाली होती. मैथूने गळ्यातलं पदक कॅमेऱ्यापुढे धरलं आणि सगळं मराठीत समजावून सांगितलं. अम्माने दोन्ही हातांनी दृष्ट काढली. मग मला तेलुगूत विचारलं, कुठल्या कुठल्या भाषांचं मिळालं म्हणून. मी सांगितल्या. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मनदि लेदा?”

आपली नाही?

टोमणा नव्हता गं तो. तुला अम्मा माहीत आहे. पंगतीत कोणाला वाढायचं राहिलं तर विचारावं, तशी विचारत होती. मी म्हटलं, नाही अम्मा. ती म्हणाली, बरं. आणि अण्णाच्या बायकोने, वदिनाने, चहा आणला म्हणून विषय बदलला.

त्या रात्री मी एक कागद घेतला आणि अम्माला तेलुगूत चार ओळी लिहायला बसले. मला माहीत होतं की मला लिहिता येत नाही. तरी बसले. ‘अ’ आठवला. ‘अम्मा’ सुद्धा पुरतं लिहिता आलं नाही. त्या मुलाच्या परीक्षेला मला बसवलं असतं, तर बोलण्यात मी कदाचित तरले असते, लिहिण्यात भोपळा. सत्तावन्न वर्षांची बाई, जन्मल्यापासून बोलतेय ती भाषा, आणि कोरा कागद.

आता तो सातवीतला दिवस काढते. तू म्हणशील, किती वेळा काढशील? ही शेवटची. ‘माझी आई’ निबंध मी उभी राहून वाचत होते. ‘आईने केलेला भाकरी’ असं वाचलं. तेलुगूत भाकरी बाईमाणूस की बाप्या, असा प्रश्नच नसतो. मराठीचं हे तो-ती-ते आम्हा घरच्या तेलुगूंना पाठ करावं लागायचं. बाई हसल्या, म्हणाल्या, “पूर्व भागातला भाकरी कडक असतो!” पूर्व भाग म्हणजे सोलापुरातली आमची तेलुगू वस्ती. वर्ग हसला. तूही हसलीस. तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. शेवटी तू शाळेच्या नळावर येऊन सांगितलंस की गेल्या वर्षी तुझ्या घरच्या कन्नड ‘अव्वा’वरून हेच झालं होतं, आणि आज आपल्यावर नाही म्हणून तू सुटल्यासारखी हसलीस. मी तेव्हाच माफ केलं होतं, तू मानत नाहीस.

पण त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं, माझ्या लेकराला कोणी असं हसणार नाही. तिची मराठी अशी असेल की बोट ठेवायला जागा मिळणार नाही. आणि मी ते करून दाखवलं, शैलू. सातासमुद्रापार, एडिसनमध्ये. मैथू भाकरीला ‘ती’ म्हणते, पोळीला ‘ती’ म्हणते, भाताला ‘तो’ म्हणते. फक्त त्या नादात मी तिच्याशी तेलुगूत एक वाक्य बोलले नाही. मी अम्माशी फोनवर बोलायचे तेव्हा ती खेळत बाजूला असायची, तिला वाटायचं हे आईचं आणि अम्मम्माचं गुपित आहे.

या मोहोरेची गोष्ट मी मग रात्री बसून वाचून काढली. 1998 मध्ये कॅलिफोर्नियात लोकांनी मतदान करून कायदाच केला होता, की परभाषिक मुलांना शाळेत इंग्रजीतूनच शिकवायचं. म्हणजे मेक्सिकोहून आलेल्या घरांतली पोरं, घरची स्पॅनिश वर्गाच्या दाराबाहेर काढून आत जायची. तो कायदा अमलात असतानाच, 2008 पासून, त्या मुलांसाठी झटणाऱ्या लोकांनी ही चळवळ सुरू केली: घरून आलेली भाषा ही अडचण नाही, कमाई आहे, आणि तसं डिप्लोमावर लिहून द्या. 2011 मध्ये त्याच राज्याने पहिल्यांदा या मोहोरेचा कायदा केला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कने. मग इतर राज्यं. 1998 चा तो कायदा मात्र पुसायला 2016 उजाडलं. मला वाचताना हुंदका आला. कारण ही पोरं म्हणजे आपणच. वर्गाच्या दाराबाहेर तू कन्नड काढून ठेवायचीस, मी तेलुगू, आणि शाळा सुटली की उचलून घरी जायचो.

आणि कमाई म्हणशील तर आपली केवढी होती! दहावीला तुला कन्नड, मराठी, आमच्या घरात बसून बसून तेलुगू आणि मुमताजकडची दखनी येत होती. भांडण कन्नडमध्ये, शिव्या दखनीत, समेट मराठीत, आणि खायला काय आहे ते तेलुगूत. सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेत तू पाळणेवाल्याशी तीन भाषांत घासाघीस करून एक फेरी फुकट काढली होतीस, आठवतं? तुझ्या दाखल्यावर यातलं काय लिहिलं? ‘वर्तणूक चांगली’.

तेलुगूला आणि तुझ्या कन्नडला 2008 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. मराठीला गेल्या ऑक्टोबरात मिळाला, तेव्हा आमच्या मंडळात पेढे वाटले, मीच डबे भरत होते. तिन्ही भाषा अभिजात, आणि तिन्ही आपल्या एका बाकावर बसायच्या.

पण मला खरं छळतंय ते हे, की अम्माची तेलुगू या कशातच बसत नाही. ती कधी कोणी लिहिली नाही. अम्माला वाचता येतं ते मराठी पेपर. अण्णाची पोरं आता आपसात हिंदी-मराठीच बोलतात. मला वाटायचं, भाषा काय, बोलली की जगते. आता अम्मा चौऱ्याऐंशीची आहे, आणि ती ज्या शब्दांनी विडीच्या पानावर कात्री फिरवते ते शब्द माझ्यापाशी येऊन थांबलेत.

आता पुढचं ऐक, यासाठीच पत्र.

गेल्या रविवारी मैथूने आपणहून अम्माला विचारलं, अम्मम्मा, तेलुगूत लिहिलेलं काहीच नाही का आपल्या घरात? अम्मा उठली आणि लोखंडी ट्रंकेतून अप्पांची वही घेऊन आली. अप्पा चार इयत्ता तेलुगू शाळेत गेले होते हे मला माहीत होतं, पण मागाचा हिशेब ते तेलुगूत लिहायचे हे मी साफ विसरले होते. लाल कापडी बांधणीची वही, कोपरे झिजलेले. अम्माने पान कॅमेऱ्याला इतकं जवळ नेलं की नुसती शाई दिसायला लागली. “मागे घ्या, मागे घ्या,” करत मैथूने पानाचा फोटो टिपला आणि फोनवर अक्षरांचा तक्ता उघडून बसली. ही पोरगी दोन आठवडे गुपचूप तेलुगू अक्षरं गिरवत होती, मला पत्ता नाही.

एकेक गोल अक्षर तक्त्याशी ताडून बघत होती. “न… उजवीकडे काहीतरी लोंबतंय, ऊ. नू. मग ल… लु.” माझ्याकडे बघून म्हणाली, “नूलु. म्हणजे काय, आई?”

सूत! शैलू, सूत. माझ्या तोंडून तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत निघालं. मला ते दिसत नव्हतं, तिला ते कळत नव्हतं. पुढचा शब्द ‘एर्र’ निघाला, तांबडं. तांबडं सूत, पुढे आकडा. चादरीचं असणार. एक ओळ वाचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. तिकडे अम्मा तोंडावर पदर धरून ऐकत होती. ओळ संपल्यावर ती एवढंच म्हणाली की तांबडं सूत त्या वर्षी कच्च्या रंगाचं निघालं होतं, सगळा ताणा वाया गेला, अप्पा दोन दिवस जेवले नव्हते.

मोहोरेची मुदत संपली, मैथूची शाळा संपली. तिला आता त्याचं काही नाही. ती म्हणते, वही पूर्ण वाचायची.

तुझं कसं चाललंय? अक्कलकोट तालुक्यातून बदलीचं काय झालं? अव्वांचा गुडघा? ओंकारला पुण्यात खोली मिळाली का? आणि एक नक्की लिही. तुझ्या पहिलीच्या वर्गात घरून कन्नड घेऊन येणारी पोरं असतात ना, त्यांनी पहिल्या दिवशी कन्नडमध्ये पाणी मागितलं तर तू काय करतेस? मला वाटतं तू कन्नडमध्येच उत्तर देत असशील. तरी लिहून कळव, मला वाचायचं आहे.

आता काम. आम्ही दोघी 2 ऑगस्टला येतोय. यंदा राखीपौर्णिमा 9 तारखेला आहे, मैथूला मार्कंडेयाचा रथ बघायचाय. पण त्याआधी अण्णा घराला रंग काढणार आहे, आणि रंगाच्या वेळी त्या घरात काय काय भंगारात जातं ते तुला ठाऊक आहे. विडी घरकुलच्या, त्या विडी कामगारांच्या वसाहतीच्या, वेळचं विसरलीस का? म्हणून या रविवारी कन्ना चौकात जाऊन ये. ट्रंकेत तशा वह्या आणखी दोन असतील, असं अम्मा म्हणते. त्या तुझ्या घरी नेऊन ठेव, खालच्या कप्प्यात नको, वाळवी आहे तुझ्याकडे. लाल वहीची पहिली दहा पानं उजेडात, गच्चीवर नेऊन, फोनने काढ आणि पाठव. अण्णाला सांगायची गरज नाही. वदिनाला सांग, ती देईल.

आणि अम्मापाशी जरा बस. तुझ्याशी ती तेलुगूत बोलते, तू तिला कन्नडमध्ये उत्तर देतेस, ते तुमचं जुनंच. विड्यांच्या कात्रीला आणि त्या पत्र्याच्या मापाला ती काय म्हणते तेवढं विचारून ठेव. सुपाला ‘चेट’, ते मला आठवतंय. बाकीचं विसरलेय.

तुझी,
पद्मी

ता. क. चटणी पोचली. फार छान होती.