थरथरणारा ब्लोअर आणि ऐकून घेणारा मेकॅनिक : एक आभारपत्र

माननीय मेकॅनिक महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या गाडीच्या एसीचा ब्लोअर, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा, आपण दुरुस्त करून दिलात, मी पैसे चुकते केले, आणि व्यवहार तिथेच संपला असे आपल्याला वाटले असेल. मला मात्र तसे वाटत नाही, म्हणून हे चार शब्द जाहीरपणे लिहीत आहे.

पंखा पहिल्या वेगावर असताना काही कळतही नसे. दुसऱ्यावर बारीक गुणगुण सुरू होई आणि चौथ्यावर नेला की ग्लोव्ह बॉक्सचे झाकण थडथडू लागे, त्यामागची थरथर थेट पायाखालच्या मॅटपर्यंत उतरे. ती जागा नेमकी माझ्या वडिलांची. त्यांच्या कानाला श्रवणयंत्र आहे, आणि ते यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर भोवतालची घरघरही वाढवून ऐकवते. त्यामुळे गाडीत बसल्यावर ते यंत्र काढून खिशात ठेवत आणि सगळा प्रवास मुकाट्याने करत. मी काही बोलले तर हसून मान हलवत. ऐकू आले की नाही हे मला कधीच समजत नसे.

आपल्याकडे येण्याआधी आम्ही इतरांचेही उंबरे झिजवले होते. एका गॅरेजात 'गॅस कमी झाला असेल' म्हणून गॅस भरून दिला गेला. गारवा कमी झाल्याची आमची तक्रारच नव्हती, आणि बंद नळ्यांतून फिरणाऱ्या गॅसचा डॅशबोर्डमागच्या पंख्याच्या थरथरीशी काय संबंध, हे विचारल्यावर उत्तराऐवजी बिल हातात पडले. दुसरीकडे गाडीचे बॉनेट उघडण्याआधीच कॉम्प्रेसरचे बेअरिंग गेल्याचे निदान झाले. आमच्या गाडीत एसीचे बटण बंद केल्यावर कॉम्प्रेसर फिरत नाही, आणि आमचा आवाज तर बटण बंद असतानाही, नुसत्या पंख्यावर तसाच येत होता. पण हे सांगायला कोणी थांबू दिले तर ना! जाता जाता तिथल्या प्रमुखांनी सल्ला दिला, "मॅडम, गाडी जुनी झाली की एवढा आवाज असायचाच, गाणी लावत जा." शेजारी श्रवणयंत्र लावलेला वृद्ध माणूस उभा असताना हे बोलले गेले, हे मी अजून विसरलेले नाही.

आता आपल्याविषयी. मी नेहमीप्रमाणे तक्रार सांगायला सुरुवात केली, तेव्हा आपण मला मधेच थांबवून विचारलेत, "त्या सीटवर कोण बसतं?" मी वडिलांकडे बोट दाखवले. त्यावर आपण हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद केलात, पलीकडे पत्रा ठोकत असलेल्या मुलाला हातानेच थांबायची खूण केलीत, आणि वडिलांसमोर, त्यांना आपले ओठ दिसतील असे उभे राहून सावकाश म्हणालात, "बाबा, तुम्ही सांगा. काय जाणवतं?" बाबा आधी गडबडले. त्यांना असे कोणी विचारेल याची सवयच राहिली नव्हती. मग त्यांनी अगदी नीटपणे सांगितले की आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलत नाही, गाडी उभी असली तरी येतो, पंखा वाढवला की वाढतो आणि कानापेक्षा गुडघ्याला जास्त कळतो. आपण एकदाही मान वळवून माझ्याकडे खातरजमा करून घेतली नाहीत. त्यांचे बोलणे पुरे झाल्यावर आपण फक्त एवढेच म्हणालात, "मग पंख्याची मोटार नाही, पंख्याचा तोल गेलाय."

आणि तसेच निघाले. वायपरखालच्या जाळीतून आत पडलेल्या पानांचा चुरा आणि एक वाळका देठ पंख्याच्या पात्यांमध्ये एकाच बाजूला दाटून बसला होता. आमच्या गाडीत हवा आधी पंख्यातून आणि मग फिल्टरमधून जाते, त्यामुळे फिल्टर स्वच्छ दिसत असूनही पंखा कचऱ्याने भरलेला असू शकतो, हे मला तेव्हा कळले. एवढ्याशा चिमूटभर कचऱ्याने एवढा गोंधळ कसा, या माझ्या शंकेला आपण उत्तर दिलेत की फिरण्याचा वेग दुप्पट झाला की तोल गेलेल्या बाजूची ओढ चौपट होते; म्हणून पहिल्यावर शांत असणारा पंखा चौथ्यावर उसळतो. साफ केलेला पंखा आपण बाबांच्या हातात दिलात आणि एका पात्यावरची धातूची चिमुकली क्लिप दाखवून बजावलेत की ही घाण समजून कोणालाही काढू देऊ नका, तोल साधण्यासाठी ती कारखान्यातच बसवलेली असते. बाबांनी चष्मा वर करून ती क्लिप बराच वेळ न्याहाळली.

आपण पंख्याची मोटार बदलायला सांगितली असती तरी मी निमूटपणे बदलली असती, आणि हे आपल्यालाही ठाऊक असणार. कौशल्य असलेली माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याचे अज्ञान दिसत असूनही त्याचा फायदा न घेणारी आणि म्हाताऱ्या माणसाच्या सांगण्याला पुराव्याइतके वजन देणारी माणसे विरळा. अशांच्या भरवशावर आमच्यासारख्यांची निम्मी कामे चालतात, आणि त्यांचे आभार मात्र मनातल्या मनात राहून जातात.

आता बाबा गाडीत यंत्र कानातच ठेवतात. रस्त्याबद्दल, माझ्या गाडी चालवण्याबद्दल, विशेषतः माझ्या गिअर बदलण्याबद्दल सतत बोलत असतात, आणि त्यातले मला सगळेच पटते असे नाही. पंख्याच्या मोटारीचे बुश, म्हणजे तिचा दांडा ज्यात फिरतो ते कडे, थोडे कोरडे पडले आहे, ती कधीतरी बदलावी लागेल, पण आज नको, असे आपण स्पष्ट सांगितले होते. ती वेळ येईल तेव्हा गाडी आपल्याकडेच आणणार आहे. बाबाही सोबत येणार आहेत. तक्रार ते स्वतःच सांगणार, असे त्यांनी मला आत्ताच बजावून ठेवले आहे.

कळावे,

आपली कृतज्ञ,
एक गाडीमालकीण