चिकोरी चरायला घाला, पण बरसीमच्या पिशवीतून नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबरच्या मध्यापासून बरसीम या हिरव्या चाऱ्याच्या पिकाच्या पेरण्या सुरू होतील. या बियाण्यातून चिकोरीचे, म्हणजे कासनीचे बी हमखास शेतात येते आणि शेतकरी ते तण म्हणून उपटत बसतो. दुसरीकडे याच चिकोरीकडे परदेशी चारा म्हणून पाहणारे पशुपालकही वाढले आहेत. वनस्पती एकच, पण कुणासाठी ती चारा आणि कुणासाठी तण, हे समजून न घेता बियाण्यावर पैसे घालू नयेत, म्हणून हे पत्र.

चराईसाठी चिकोरी खऱ्या अर्थाने उभी केली न्यूझीलंडने. तिथे पामर्स्टन नॉर्थला निवडलेला 'पुना' हा वाण १९८५ मध्ये प्रसारित झाला. (नावाचा आपल्या पुण्याशी संबंध नाही. माओरी भाषेत पुना म्हणजे झरा.) तिथल्या गारव्यात हे पीक दोन ते चार वर्षे टिकते. तो हिशेब विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्याला लावू नये. आपल्याकडे ते रब्बीचे, ओलिताचे पीक समजूनच घ्यावे. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात एटा भागात कॉफीत मिसळण्यासाठी चिकोरी लावतात, पण ते वाण जाड मुळासाठी असतात. चराईला पानांचा वाण लागतो, हे बियाणे घेतानाच विचारावे.

दहा गुंठ्यांना अर्धा किलो बी पुरते. एका ग्रॅममध्ये सातशेच्या आसपास बिया असतात, त्यामुळे कोरडी वाळू मिसळल्याशिवाय ते सारखे पडत नाही. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की उगवण घटते. बहुतेक प्लॉट फसतात ते इथेच. ढेकळाच्या रानात पेरून वरून फळी फिरवली, तर निम्मे बी गाडले जाते. माती आधी बारीक करून दाबून घ्यावी, बी टाकावे आणि काटेरी फांदी हलकेच ओढावी. पाणी तुंबणारे रान टाळावे. शेजारच्या गहू-ज्वारीवर टू-फोर-डी हे तणनाशक मारले जात असेल, तर त्याचा नुसता उडता फवाराही चिकोरीला मारतो.

जनावर आत कधी सोडायचे, हा कळीचा प्रश्न. रोपाला सात पूर्ण पाने आली पाहिजेत. मूठभर पाने धरून ओढून बघावीत. पान तुटून हातात आले तर चराईला हरकत नाही, मुळासकट रोप आले तर आणखी थांबावे. चराई जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर थांबवावी आणि पुन्हा तीन ते चार आठवडे तिकडे फिरकू नये. पाणी दिल्यावर वापसा येईपर्यंत, म्हणजे रानातला चिखल सुकेपर्यंत, खूर पडता कामा नये. ओल्या रानात खुराने मुळाचा माथा चिरतो, त्या चिरेतून कूज शिरते आणि झाड परत फुटत नाही. प्रत्येक चराईनंतर दहा गुंठ्यांना पाच किलो युरिया पुरे. मात्र त्यानंतरही किमान तीन आठवडे थांबावे, नाहीतर पानांत जनावराला विषारी ठरणारे नायट्रेट साठलेले असते. उपाशी जनावर तर अशा प्लॉटमध्ये कधीच सोडू नये.

पानात पाणी ८८ ते ९० टक्के. दुभत्या गाईला ३० किलो हिरवी चिकोरी दिली तर ढीग मोठा दिसतो, पण पोटात कोरडा चारा जेमतेम साडेतीन किलो जातो. शेण पातळ होते ते यामुळेच. आधी कडबा, मग चिकोरी, आणि तीही आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यावी. एकूण चाऱ्यात तिचा वाटा एकतृतीयांशापेक्षा वर नेऊ नये, कारण जास्त झाली की दुधाला कडवट वास लागू शकतो. लसूणघासासारखी पोटफुगी मात्र हिच्याने सहसा होत नाही, हा मोठा गुण. पानांतल्या कडू द्रव्यांमुळे शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांचा भार काही प्रमाणात कमी होतो, पण म्हणून जंतनाशक बंद करू नये.

माझे स्पष्ट मत असे की हे पीक तोंडाने खाण्याचे आहे, विळ्याने कापून आणण्याचे नाही. कापलेली पाने लवकर मलूल होतात, आणि वाळवायला गेले तर चुरा होतो. अर्धबंदिस्त शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याने दहा-वीस गुंठे जरूर करून पाहावे. ज्याच्याकडे दोन गाई आणि दहाच गुंठे आहेत, त्याने आधी 'फुले जयवंत' हे संकरित नेपियर गवत आणि आरएल-८८ लसूणघास लावावा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलोऱ्याचा दांडा धरू लागतो. दांडा निबर झाला की जनावर तो सोडून देते, म्हणून गुडघ्याखालीच कापावा. निळी फुले बी धरेपर्यंत ठेवली, तर पुढच्या हंगामात आपल्या आणि शेजाऱ्याच्या बरसीममध्ये तण तयारच.

ज्यांना चिकोरी नकोच आहे, त्यांच्यासाठी उपाय स्वस्त आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून त्यात बरसीमचे बी थोडे थोडे सोडावे आणि ढवळावे. चिकोरीचे हलके बी वर तरंगते, ते गाळणीने काढून टाकावे. तळाचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवावे. मीठ राहिले तर उगवण घटते, शिवाय नंतर बियाण्याला लावायचे रायझोबियम हे जिवाणू खतही मरते. दोन्ही बियांचा आकार जवळपास सारखा असल्याने चाळणीने हे काम होत नाही.

हा खटाटोप दरवर्षी शेतकऱ्यानेच का करावा? बरसीमच्या पिशवीवर चिकोरीच्या बियांचे प्रमाण ठळक छापण्याचा आग्रह कृषी विभागाने धरावा. आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आरएल-८८ च्या शेजारी चराईच्या चिकोरीचा प्लॉट घेऊन किती चराया मिळतात आणि दांडा कधी धरतो, ते आकडे जिल्हावार जाहीर करावेत. या रब्बीत पेरणी झाली, तर पुढच्या ऑक्टोबरआधी ते हाती येतील.

आपला,
चारापिकांचा एक अभ्यासक, जि. अहिल्यानगर