काळ्या मारबतीमागची बाकाबाई

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तान्ह्या पोळ्यानिमित्त आपल्या अंकात आलेल्या लेखात नागपूरच्या भोसल्यांच्या राणी बाकाबाई यांचा उल्लेख 'इंग्रजांना फितूर झालेली राणी' एवढ्यावरच आटोपला आहे. नागपूरच्या काळ्या मारबतीशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या पुतळ्याशी, लोकांनी त्यांचे नाव जोडले आहे, हे खरेच. पण त्याआधीची कहाणी त्यामुळे झाकून जाते.

इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसले राजे आप्पासाहेब पदच्युत झाले आणि 1818 मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आला. तेच तिसरे रघुजी. त्यांचे पालकत्व दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बाकाबाईंकडे आले, कारभार मात्र रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्स पाहत असे. त्या वेळी इंग्रजांना दत्तक चालला. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, तेव्हा तोच दत्तकाचा मार्ग गव्हर्नर जनरल डलहौसीला चालेना, जरी खुद्द रेसिडेंट मॅन्सेल यांनी राज्य राखण्याच्या बाजूने लिहिले होते. 1854 मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाजारात विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावू, अशी धमकी राणीवशातून आल्याची नोंद इंग्रजांच्याच इतिहासात आहे.

1857 मध्ये बाकाबाईंनी आपल्या माणसांना उठावापासून रोखले, यात वाद नाही. त्याबद्दल त्यांना दोष अवश्य द्यावा. परंतु ना फौज उरलेली, ना खजिना, आणि दत्तकाच्या मान्यतेसाठी ज्यांच्या तोंडाकडे पाहायचे त्यांच्याशीच लढायचे, ही त्या वृद्ध बाईची कोंडीही सांगितली पाहिजे. 1858 मध्ये त्या वारल्या.

आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळसाच्या डहाळ्या शिवेबाहेर टाकताना 'इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत' असे ओरडतात. त्यात कोणा राणीचे नाव येत नाही. यंदा मात्र पोरांनी मारबतीच्या पुतळ्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती, 'बाकाबाई'. ह्या बाई कोण, असे मी विचारले, तर एकालाही सांगता आले नाही, आणि पाटी लिहून देणाऱ्या मोठ्या माणसालाही नाही. पुढल्या पोळ्याला आपल्या पुरवणीत त्यांच्यासाठी एक पूर्ण पान राखून ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. काटोल, जि. नागपूर