मताचा रकाना रिकामाच आहे

प्रति,
मा. अध्यक्ष, लोकसभा,
नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

2019च्या निवडणुकीनंतर मी एक दोनशेपानी रजिस्टर आणलं आणि त्यात चार रकाने आखले: भाषणं, प्रश्न, समित्या, मतं. आमच्या खासदारांनी पाच वर्षांत संसदेत काय काय केलं ते लिहून ठेवायचं, एवढाच बेत होता. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण गाऱ्हाणं त्यांच्याविषयी नाही. 543 पैकी कुणाच्याही नावाने रजिस्टर घातलं असतं तरी हेच झालं असतं. सतराव्या लोकसभेच्या 274 बैठका झाल्या. तिची मुदत संपली तेव्हा पहिले तीन रकाने कमीअधिक भरले होते आणि चौथ्यात बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी होत्या. आमचे खासदार किती वेळा बोलले हे मी सांगू शकतो. कायदा होताना ते कोणत्या बाजूला होते, हे बहुतेक वेळा सांगू शकत नाही.

ज्या थोड्या नोंदी आहेत, त्या बघा. डिसेंबर 2019, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक: 311 विरुद्ध 80. 20 सप्टेंबर 2023, महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती: 454 विरुद्ध 2. ते दोघे कोण, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे: असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांची भूमिका कुणाला पटो न पटो, ती नावानिशी नोंदली गेली. औरंगाबादच्या मतदाराला पुढच्या निवडणुकीत त्यावरून जाब विचारता आला, किंवा पाठ थोपटता आली. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, करावंच लागतं. सक्ती आहे म्हणून नावं मिळतात.

आता 20 डिसेंबर 2023ची ओळ. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. 1860ची दंडसंहिता मोडीत काढणारं विधेयक त्या दिवशी सभागृहापुढे होतं. विरोधी बाकांवरचे शंभराच्या आसपास खासदार तेव्हा निलंबित होते. तिन्ही विधेयकं आवाजी मतदानाने, म्हणजे 'हो' आणि 'नाही'च्या नुसत्या आवाजावर, मंजूर झाली. उद्या पोलिसांनी मला उचललं तर ज्या कलमाखाली उचलतील, त्या कलमाला आमच्या खासदारांनी 'हो' म्हटलं, 'नाही' म्हटलं, की ते त्या वेळी कँटीनमध्ये चहा पीत बसले होते, याची नोंद कुठेही नाही. मी तासभर शोधलं, मग लक्षात आलं की नसलेली गोष्ट शोधतोय.

याच विधेयकांचे आधीचे मसुदे गृह खात्याच्या स्थायी समितीपुढे गेले होते. समितीच्या अहवालाला विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, आणि त्या नावानिशी आहेत. म्हणजे बंद दाराआड झालेल्या कामात कोण काय म्हणालं हे थोडंफार कळतं, आणि कॅमेऱ्यांसमोर झालेल्या मतदानात कोणी काय केलं हे अजिबात कळत नाही. हे उलटं असायला हवं होतं.

कार्यपद्धतीच्या नियमांतला 367वा नियम आपल्याला माझ्याहून चांगला माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून सांगतो. चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य 'हो' किंवा 'नाही' म्हणून आवाज देतात आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. कुणी त्याला आव्हान दिलं तर लॉबी रिकाम्या करायला सांगायचं, साडेतीन मिनिटं थांबायचं, प्रस्ताव पुन्हा मांडायचा, आणि तरीही आव्हान कायम राहिलं तर मतविभाजन. पण त्यातही एक फट आहे. मतविभाजनाची मागणी विनाकारण केली आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात. आणि तशी मोजणी झाली तर मत देणाऱ्यांची नावं नोंदवायची नाहीत, असं नियमातच लिहिलं आहे. नावं न नोंदवण्याची अशी लेखी तरतूद कुणाच्या सोयीसाठी असावी, यावर मी बराच विचार केला. मतदाराच्या नक्कीच नाही.

वरच्या सभागृहात 20 सप्टेंबर 2020 रोजी कृषी विधेयकांवर काय झालं ते आठवत असेल. ते आपल्या अखत्यारीत येत नाही, तरी लिहितो. विरोधकांनी मतविभाजन मागितलं. मागणारे आपापल्या जागेवर नव्हते असं कारण देण्यात आलं. विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना. एवढ्या मोठ्या प्रकरणात राज्यसभेतला कुठला सदस्य कायद्यांच्या बाजूने होता आणि कुठला विरोधात, याची यादी नाही. पक्षांच्या भूमिका वर्तमानपत्रांतून कळल्या, तेवढ्याच.

वेळ जातो, असं आपलं सचिवालय म्हणेल. हिशेब करून पाहिला. वित्त आणि विनियोजन विधेयकं वगळली तर सतराव्या लोकसभेच्या काळात 179 विधेयकं मंजूर झाली. प्रत्येकाच्या अखेरच्या वाचनाला, म्हणजे मंजुरीच्या मतदानाला, साडेतीन मिनिटं धरली तर साडेदहा तास होतात. घंटा, चिठ्ठ्या, दुरुस्त्या यांसाठी दुप्पट धरा: एकवीस तास. 274 बैठकांपैकी तीन-चार दिवसांचं काम, तेही पाच वर्षांत मिळून. एका अधिवेशनात गोंधळापायी याहून जास्त तास वाया गेलेले आपण त्या खुर्चीतून पाहिले आहेत. शिवाय हात मोजायचे नाहीत, यंत्र आहे. बटणं आहेत. 2 एप्रिल 2025ला वक्फ विधेयकावरची चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालली, आणि त्या आडवेळीही मतविभाजन झालंच: 288 विरुद्ध 232. पहाटेच्या आधी 520 जणांची मतं नोंदवता येतात, तर दुपारी चार वाजता का नाही?

पत्रकारितेत आयुष्य घालवलेल्या एका मित्राने माझं रजिस्टर पाहून डोक्याला हात लावला. म्हणाला, "अरे, व्हिप असतो. पक्ष सांगेल तिकडे बटण दाबायचं. त्यात तुला काय कळणार?" आक्षेप बिनतोड वाटतो. 1985च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचं सदस्यत्व धोक्यात आलं, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच वाचतं. तरीही मित्राचं म्हणणं मला अर्धंच पटतं. व्हिप काढला होता की नाही, हेच मतदाराला अधिकृतपणे कळत नाही. तो कागद पक्षाकडून खासदाराकडे जातो आणि तिथेच राहतो. व्हिप नसताना खासदाराने काय केलं, व्हिप असताना तो नेमका गैरहजर कसा राहिला, 'तटस्थ'चं बटण कधी दाबलं, हे सगळं चौथ्या रकान्यातच दिसू शकतं. आणि समजा तो दर वेळी पक्षाच्याच मागे गेला, तर मतदारसंघात येऊन "मी तर या कायद्याच्या विरोधात होतो" असं सांगायची सोय तरी राहणार नाही. हे वाक्य मी एका सभेत स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. खरं होतं की खोटं, हे तपासायचा मार्ग मला सापडला नाही.

1999च्या एप्रिलमधली ती दुपार आठवा. विश्वासदर्शक ठराव, 269 विरुद्ध 270, आणि वाजपेयी सरकार गेलं. एका मताचं मोल काय असतं हे शाळकरी पोरांनाही त्या दिवशी कळलं. सरकार पडताना एकेक मत मोजायचं आणि कायदा होताना आवाजाच्या अंदाजावर भागवायचं, ही विभागणी मला कधी उमगली नाही.

बाकीच्या तीन रकान्यांविषयीही थोडं. ते भरले आहेत म्हणून खरे आहेत असं नाही. हजेरीला मी रकानाच दिला नाही. तो आकडा वर्तमानपत्रांना फार आवडतो, पण सतराव्या लोकसभेत ती नुसती सही होती. सही करून पाच मिनिटांत निघून गेलेला आणि संध्याकाळी सभागृह उठेपर्यंत बसलेला, दोघांची हजेरी सारखीच. मंत्र्यांना तर सहीच करावी लागत नव्हती, त्यामुळे ज्या मतदारसंघाचा खासदार मंत्री झाला तिथल्या नागरिकाला हा आकडाही मिळाला नाही. प्रश्नांचंही तसंच. दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, पण कुणाचे लागायचे हे सोडतीवर ठरतं. 'सर्वाधिक प्रश्न विचारणारा खासदार' या बातमीत थोडं नशीब आणि थोडं कार्यालयातल्या मदतनिसाचं टंकलेखनही असतं. मी पहिली दोन वर्षं प्रश्न मोजत होतो. मग मोजणं सोडलं आणि उत्तरं वाचू लागलो. "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं उत्तर आलं की त्या प्रश्नापुढे फुली मारतो, आणि ती माहिती पुढे खरंच पटलावर आली का ते पाहतो. भाषणांत एक गोम अशी की काही भाषणं झालेलीच नसतात. लेखी प्रत पटलावर ठेवलेली असते. इतिवृत्तात तशी खूण असते म्हणून बरं.

समित्यांवर मात्र माझा जीव आहे. विभागांशी संलग्न 24 स्थायी समित्या, प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. तिथे कॅमेरा नाही म्हणून आरडाओरडा नाही, आणि पक्ष विसरून सचिवांना धारेवर धरणारे खासदार तिथेच भेटतात असं ऐकतो. त्या बैठका उघड करा असं मी म्हणणार नाही. उघड केल्या तर तिथेही भाषणं सुरू होतील. पण गणपूर्तीला एक तृतीयांश सदस्य पुरतात, म्हणजे 31 पैकी 11 जण आले की काम चालू. ते 11 कोण? अहवालाच्या शेवटी बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात उपस्थितांची नावं असतात. आमच्या खासदारांची समितीतली हजेरी मी अशी एकेक अहवाल उघडून, शेवटची पानं चाळून काढली. एका पावसाळ्यातले सगळे रविवार त्यात गेले. सलग दोन बैठका परवानगीशिवाय चुकवल्या तर समितीतून वगळण्याचा प्रस्ताव आणता येतो, असं 260वा नियम सांगतो. तो वापरायचा कुणी आणि कधी, हे आपण जाणता.

तेव्हा मागणं असं. विधेयक कुठलंही असो, त्याच्या अखेरच्या वाचनाला यंत्राने मतदान घ्या, कुणी मागणी करो वा न करो. 367व्या नियमातली नावं न नोंदवण्याची तरतूद काढून टाकण्याचा विषय नियम समितीपुढे ठेवा. त्या समितीचे अध्यक्ष आपणच आहात. विधेयकावर व्हिप काढला असेल तर पक्षांनी त्याची प्रत आपल्याकडे द्यावी आणि ती मतदानाच्या यादीला जोडावी. आणि खासदाराच्या पानावर जिथे त्याची भाषणं नि प्रश्न दिसतात, तिथेच त्याची मतं आणि समितीतली हजेरीही द्या, म्हणजे पुढच्या माणसाचे रविवार वाचतील. अंदाजपत्रकातल्या उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मंजूर होतात, त्यावरही लिहायचं होतं, पण ते दुसऱ्या पत्रात.

अठराव्या लोकसभेसाठी नवं रजिस्टर आणलं आहे. खासदार बदलले, रकाने तेच ठेवलेत. वक्फ विधेयकासमोर मत लिहिलं आहे. ज्या विधेयकांसमोर 'आवाजी' एवढाच शब्द आहे, तिथे पुढे दोन बोटं जागा सोडली आहे. नावं कधी मिळाली तर लिहिता येतील.

कळावे,
आपला,
एक मतदार